पेपरात लिहायचं ‘धर्म समाज जोडतो’ आणि आमच्या गावात यंदा दोन सप्ताह बसलेत

गोदाकाठचा

रामराम मंडळी. मी बाहेरून समाजशास्त्रात एमए करतोय, सोबत सेटची, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची तयारी. गाव गंगाखेड तालुक्यात, नाव सांगत नाही, गावातली अर्धी पोरं इथंच पडीक असतात.

तर ‘धर्माची सामाजिक कार्ये’ हा टॉपिक चार वेळा वाचून झाला. एकात्मता, सामाजिक नियंत्रण, संकटात आधार, मूल्यांचं जतन, सगळं तोंडपाठ, झोपेतून उठवलं तरी सांगीन. पण वाचत बसलं की बाहेर भोंगा सुरू होतो आणि डोकं फिरतं.

आमच्याकडं आजोबांच्या काळापासून अखंड हरिनाम सप्ताह आहे, मारुतीच्या पारापुढं. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, दिवस मावळताना हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन, पुढं जागर, आणि सात दिवस वीणा खाली टेकू द्यायचा नाही, दोन-दोन तासांचे पहारे लावायचे. गेल्या वर्षी फ्लेक्सवर एका घरच्या पोराचा फोटो खालच्या ओळीत गेला, बस. मीटिंगा झाल्या, पुण्यावरून फोन आले, शेवटी त्यांनी यंदा खंडोबाच्या माळावर आपला वेगळा मंडप टाकला. आता पहाटे चारला दोन्हीकडून काकडा सुरू होतोय, हिकडचा अभंग संपायच्या आत तिकडचा चढतो, म्हातारी माणसं म्हणायलेत की देवाला पण कळंना कुणीकडं उठावं. वर्गणी दोन, पंगत दोन, कीर्तनकार दोन. मृदंगवाला मात्र एकच, तो बिचारा मोटारसायकलवर मृदंग घेऊन हिकडून तिकडं फिरायलाय.

मग ‘धर्म समाज जोडतो’ म्हणणारा तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ डर्कहाइम चुकला का आमचं गाव चुकलं? पेपरात काय लिहू?

निवृत्त_मास्तर

पेपरात गाईडातलंच लिहा, मार्क तपासणारा देतो. पण तुमचा प्रश्न खरा आहे म्हणून बसून लिहितो. मी अंबाजोगाईला पंचवीसेक वर्षं हाच विषय शिकवला, आणि दर वर्षी पोरं ‘धर्म समाज जोडतो’ एवढं एकच वाक्य घेऊन बाहेर पडायची, त्याला मी पण जबाबदार आहे म्हणा.

डर्कहाइमचं धर्मावरचं पुस्तक १९१२ चं. तो स्वतः ऑस्ट्रेलियात कधी गेला नाही, दुसऱ्यांनी तिथल्या आदिवासींच्या केलेल्या नोंदी पॅरिसात बसून वाचल्या. तिथं प्रत्येक कुळाचं एक गणचिन्ह असतं, कुणाचं कांगारू, कुणाचा कावळा. एरवी लोक पांगलेले, शिकार-कंदमुळांच्या मागं. मग काही दिवस सगळे एकत्र जमतात, नाचतात, गातात, रात्र-रात्र जागतात आणि माणसाला वाटायला लागतं की आपल्या अंगात आपल्यापेक्षा मोठं काहीतरी शिरलंय. डर्कहाइम म्हणतो शिरलंय ते खरंच आहे, फक्त ते म्हणजे तो जमावच. गणचिन्हापुढं वाकतात तेव्हा कुळ आपल्यालाच नमस्कार करत असतं. तुमच्या सप्ताहात रात्री साडेदहाला कीर्तनकार टाळकऱ्यांना उभं करतो आणि सगळा मंडप ‘विठ्ठल विठ्ठल’ करायला लागतो तेव्हा तुमच्या अंगावर काटा आला असंल ना? तेच ते.

आता तुमची अडचण. ‘समाज’ म्हणजे तुम्ही गाव धरलं. गावच धरायचं हे कुणी सांगितलं? कुळाचं चिन्ह कुळाला बांधतं, शेजारच्या कुळाला नाही. तुमच्या आजोबांच्या काळात एका आडावर पाणी, एका सुताराकडं आऊत, एकाच पाटलाकडं सालगडी, म्हणजे चांगलं होतं असं नाही, पण सगळे एकमेकांत अडकलेले होते. आता पोरं चाकण-वाळूजला, आडाला कुणी विचारत नाही, ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो. अडकून काय राहिलं? भावकी, पक्ष आणि जात. मग ज्याच्या त्याच्या कुळानं ज्याचं त्याचं निशाण लावलं. धर्मानं गाव तोडलं नाही हो. तुटलेलं होतं ते मंडप टाकून दाखवलं.

अजून एक बघून ठेवा. दोन्ही बाजू भांडल्या आणि करायला काय बसल्या, तर सप्ताहच! तोच काकडा, तोच काला, तेवढ्याच दिवसांचा. म्हणजे भांडणाची भाषा पण दोघांची एकच.

उगंच_एक

मास्तर तुमचं बरोबर असंल पण साधी गोष्ट सांगतो, हा सगळा पैशाचा खेळ आहे. एकरी वर्गणी, ट्रॅक्टरवाल्याला वेगळी, नोकरीवाल्याला वेगळी, आणि मोठ्या कीर्तनकाराचं पाकीट ऐकलं तर तुमचं पेन्शन लाजंल. सोयाबीनला भाव नाही, पीकविमा आला नाही, आणि गाव काय करतंय तर बुंदी पाडतंय. मार्क्स उगं अफू म्हणला नाही.

निवृत्त_मास्तर

अफूचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, त्याच्या अलीकडचं कुणी वाचत नाही. १८४४ साली छापलेल्या लेखात तो म्हणतो की धर्म म्हणजे दबलेल्या जिवाचा उसासा आहे, काळीज नसलेल्या जगाचं काळीज आहे, आणि मग म्हणतो, अफू आहे. त्या काळात युरोपात अफू औषध म्हणून घरोघरी असायची, दुखणं थांबवायला. म्हणजे नुसती नशा करतात असं नाही, आधी दुखतंय. तुम्ही सोयाबीनचं म्हणलात तेच दुखणं. बुंदीवर राग काढून भाव वाढणार आहे का?

उगंच_एक

नाही वाढणार. पण बुंदी खाऊन पण नाही वाढणार ना.

सेलूची_सून

दादा, मास्तर, सगळं वाचलं. एक विचारू का, ‘कार्य’ म्हणजे कुणासाठी कार्य? कारण सप्ताहात माझं कार्य म्हणजे भाकरी. आमच्याकडं घरोघरी पीठ वाटतात, दहा किलोचं पोतं दारात आणून टाकतात आणि सांगतात संध्याकाळी पाचपर्यंत मंडपात पोचल्या पाहिजेत. माझी सासू, मी आणि जाऊ, चुलीपुढं तीन तास. मंडपात भाकरीची थप्पी पाहून लोक म्हणतात काय एकोपा आहे गावात.

पण खोटं कशाला बोलू, त्याच सप्ताहात मी रात्री अकरापर्यंत घराबाहेर असते आणि कुणी विचारत नाही कुठं होतीस. वर्षात असे सात दिवस. हरिपाठाला आम्ही बाया फुगडी घालतो, पन्नाशीच्या बाया, गुडघे धरून हसतात. लग्नानंतर आठ वर्षांत मला गावातल्या बायांची नावं कळली ती तिथंच, त्याआधी सगळ्या ‘अमक्याची आई’ होत्या.

बीएला मर्टन नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होता आम्हाला, प्रकट कार्य म्हणजे ठरवून केलेलं आणि अप्रकट कार्य म्हणजे न ठरवता होणारं. त्याचं उदाहरण अमेरिकेतल्या होपी लोकांचं आहे, पाऊस पडावा म्हणून विधी करतात, पाऊस काही त्यानं पडत नाही, पण पांगलेली माणसं एका जागी येतात, हे त्याचं अप्रकट कार्य. तेव्हा मला आमची धोंडीच आठवली होती. एका पोराच्या अंगाला लिंबाचा पाला बांधायचा, ‘धोंडी धोंडी पाणी दे’ करत दारोदार फिरवायचं, घरातल्या बाईनं त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. पाऊस यायचा नाही तो नाहीच यायचा. पण कुणी तांब्या भरून ओतला आणि कुणी नुसता शिंतोडा मारला यावरून कुणाच्या घरी किती पाणी उरलंय ते सगळ्या गल्लीला कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या दारात हंडा घेऊन जायचं ते पण. हे मर्टनला सुचलं नसतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा माझी आई म्हणली, आता धोंडीला रेल्वेच्या रुळावर न्यायला पाहिजे.

मिलिंदचा_विद्यार्थी

जय भीम सगळ्यांना. ताईंनी ‘कुणासाठी’ हे बरोबर विचारलं, मी त्याच्या पुढचं विचारतो. मास्तर म्हणाले आजोबांच्या काळात सगळे एकमेकांत अडकलेले होते. माझे आजोबा पण त्याच काळातले, त्याच जिल्ह्यातले. ते सांगायचे सप्ताहाची पंगत उठली की मग आम्हाला हाक यायची, आणि ती पण मंडपात नाही, कडंच्या लिंबाखाली. सरपण आम्ही फोडायचं, मेलेलं जनावर आम्ही ओढायचं, डफडं आम्ही वाजवायचं, म्हणजे अडकलेले होतो हे खरंच आहे, फास पण अडकलेलाच असतो.

इरावती कर्वे सत्तर-एक वर्षांमागं वारीत चालल्या, त्यांनी एकीकडं लिहिलं की ज्यांची माणसं पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, आणि त्याच लेखात हे पण लिहिलं की दिंडीत ब्राह्मण वेगळे जेवतात आणि मराठे वेगळे. चालायचं सोबत, जेवायचं वेगळं. आणि चोखोबाची समाधी पायरीजवळ राहिली, मंदिर आमच्या लोकांना उघडायला १९४७ साल उजाडलं, त्याला पण साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं त्यांनी हाच विचार केला की समाजाला धर्म लागतो का आणि लागत असंल तर कसला. शेवटच्या ग्रंथात त्यांनी धर्म आणि धम्म वेगळे काढले, धर्म माणसाचा खाजगी म्हणतात, धम्म मात्र सामाजिक, दोन माणसं आली की धम्म लागतोच. तुमच्या सिलॅबसमध्ये डर्कहाइमच्या शेजारी हे ठेवायला काय हरकत आहे? ‘धर्म समाज जोडतो’ याच्या सोबत ‘धर्म सोडून पण समाज उभा राहतो’ हा मुद्दा आमच्या मराठवाड्यानं जगून दाखवला. १९५० ला औरंगाबादला बाबासाहेबांचं मिलिंद कॉलेज निघालं, आमच्या बापाची पिढी तिथं शिकली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणलं तर १९७८ ला घरं जळाली, नामांतर व्हायला १९९४ चा जानेवारी उजाडला. आमच्या गल्लीला कशानं बांधून ठेवलं असंल तर विहारानं आणि त्या सोळा वर्षांनी.

आता खरं सांगतो, मनाला लागतंय तरी. आमच्या पण गावात १४ एप्रिलला दोन मिरवणुका निघतात. दोन डीजे. कारण विचारू नका, फ्लेक्सच असणार.

गोदाकाठचा

दादा तुमच्या लिंबावरून थांबलो मी. आमच्या मंडपाच्या कडंला पण लिंब आहे. आजीला विचारलं तर ती म्हणली ‘तसंच होतं तवा’, आणि विषय बदलला. आता आमच्या मंडपात सगळ्या जातींची पंगत एकच आहे, पण मी कालपासून बघायलोय, एकत्र बसतात पण वाढपी कोण आहेत ते बघितलं तर यादी ठरलेलीच दिसायली. हे नोट्समध्ये नव्हतं.

अजून एक. आधी कीर्तनकार कुठला, आवाज कसा, एवढंच विचारायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत आरक्षणावरून जे झालं ना आपल्याकडं, तेव्हापासून तारीख घ्यायच्या आधी हळूच विचारतात, ‘समाज कोणता?’ फोटोचं निमित्त झालं, मास्तर म्हणतात तसं आधीच तुटलेलं होतं बहुतेक.

सवारीवाला_परभणी

सगळे सप्ताहातच अडकलेत म्हणून मी थोडं लांबचं सांगतो. आमच्या गावात मुसलमानांची चार घरं, तरी मोहरमच्या सवाऱ्या, म्हणजे काठीवर पंजा लावलेली निशाणं, बसायच्या, पाच पंजे. आलाव्याचा, म्हणजे विस्तवाचा खड्डा खणायचा मान एका हिंदू घराकडं, सवारी धरायचा मान दुसऱ्या हिंदू घराकडं, आणि ऊद घालणारे मुजावर. मला स्वतःला आईनं नवस बोलून फकीर केलं होतं, हिरवा कुडता, गळ्यात लाल-हिरवा दोरा, पाच घरं मागून आलेलं खायचं. चोंगे आणि मलिद्याची चव अजून जिभेवर आहे. तेव्हा कुणाच्या डोक्यात पण आलं नाही की हा दुसऱ्याचा धर्म आहे. गावाचा देव होता, गावाचा पीर होता, बास.

आता सवाऱ्या दोनच उठतात. कुणी बंद केल्या म्हणाल तर कुणीच नाही. मुजावराचा नातू कुठंतरी शिकून आला, म्हणला हे आपल्या दीनात नाही. त्याच साली आमच्याकडच्या पोरांनी म्हणलं हे आपल्या धर्मात नाही. दोघांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं! माझी आई म्हणली मग माझा नवस कुणाच्या धर्मात होता?

मास्तर, याला काही नाव आहे का तुमच्याकडं?

निवृत्त_मास्तर

जवळपासचं नाव आहे. एम. एन. श्रीनिवास कूर्गवर १९५२ च्या पुस्तकात संस्कृतीकरण म्हणतात, खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्यांच्या रीती उचलतात, मांस-दारू सोडतात, विधी बदलतात, आणि एक-दोन पिढ्यांत मान वाढवून घेतात. आपल्याकडं बघा, माळ घातली की घरातली कंदुरी बंद. पूर्वी खंडोबाला नाही तर लक्ष्मीआईला बकरं पडायचं, भावकी जेवायची. आता माळकरी घर म्हणतं आम्ही पुरणपोळी करतो. आचार शुद्ध झाला, आणि कंदुरीला ज्याला हमखास बोलावणं असायचं तो खंडोबाचा वाघ्या आणि तो बकरं कापणारा मुलाणी घरीच राहिला. तुमच्या सवारीचं पण तसंच काहीसं, फक्त तिथं दोन्ही बाजू एकाच वेळी ‘शुद्ध’ झाल्या. नियम नीट करायला गेलं की सरमिसळ आधी जाते. मला स्वतःला याचं वाईट वाटतं, पण वाईट वाटणं हे काही समाजशास्त्र नाही.

उदगीरचा_आडत्या

वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ कुणीच काढला नाही, म्हणून दोन शब्द. १९०४-०५ ला त्यानं मांडलं की ख्रिश्चनांमधल्या कॅल्व्हिनच्या पंथातल्या लोकांना भीती असायची, स्वर्ग का नरक हे देवानं आधीच ठरवलेलं, आपल्याला कळायचं नाही, मग धंद्यात इमानानं राबायचं, चैन करायची नाही, यश आलं तर समजायचं आपण निवडलेल्यातले. त्यातून भांडवल साठलं. आमच्याकडं लोक लगेच म्हणतात की लिंगायत व्यापारात पुढं कारण बसवण्णांनी ‘कायकवे कैलास’, म्हणजे काम हाच कैलास, असं सांगितलं, आपला पण वेबर. मी स्वतः लिंगायत, आडतीवर बसतो, तरी सांगतो एवढं सोपं नाही. कायकाच्या जोडीला दासोह आहे, कमावलं ते वाटायचं. साठवा असं बाराव्या शतकात कुणी सांगितलेलं नाही. आणि कायक हे चांभाराचं, परटाचं, बुरुडाचं पण होतं, नुसतं दुकानदाराचं नाही. ते आम्ही सोयीनं विसरलो. परीक्षेत तुलना लिहिली तर हा फरक लिहा.

नांदेडहून

पंगतीचा विषय निघाला म्हणून. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये एकदा जाऊन बसा. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ ला नांदेडातच देह ठेवला, तेव्हापासूनची ही जागा. ताट घ्यायचं, सतरंजीवर मिळंल त्या जागी बसायचं, शेजारी कोण आहे ते विचारायचं नाही. माझा एक मित्र पेपरला लिहितो तो म्हणायचा, हे खरं ‘कार्य’. मग एकदा मी भांडी घासायला बसलो सेवेत, दोन तास. शेजारी एक पंजाबचे मोठे कारखानदार. छान गप्पा झाल्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला ओळखलं नाही. मंडपातलं मंडपात राहतं बहुतेक.

गोदाकाठचा

एवढं लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. मास्तर, पेपराचं ठरलं, आधी गाईडातलं लिहितो आणि मग ‘टीका’ या मथळ्याखाली मिलिंदवाल्या दादांचा लिंब आणि ताईंची भाकर, नावं न घेता.

आज दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे पहाऱ्याला माणसं पुरंनात. रात्री दोन ते चार वीणा घेऊन उभं राहायला कुणी तयार नाही, पुण्यावरून आलेली पोरं संध्याकाळचाच पहारा मागतात, तेव्हा व्हिडिओ निघतो ना. माळावरच्या मंडपात पण तीच बोंब. मग आमच्या विणेकऱ्यानं, सत्तरीचा माणूस आहे, तिकडच्यांना गुपचूप निरोप दिला की तुमच्याकडं कमी पडलं तर पोरगं पाठवतो, वीणा खाली टेकवू नका. आणि पाठवलं. कमिटीला माहीत नाही, माहीत असंल तरी बोलंना कुणी.

सेलूची_सून

आणि भाकरीचं काय? दोन मंडपांच्या भाकरी कुणी केल्या ते सांगितलं नाही भाऊ तुम्ही.

गोदाकाठचा

ताई आत्ताच आईला विचारून आलो. दोन्हीकडचं पीठ आमच्याच गल्लीत आलं होतं. तिनं सकाळी एकाच्या केल्या, दुपारी एकाच्या. मी म्हणलं कोणत्या कुणाच्या हे कसं कळलं, तर म्हणली, ‘पोत्यावर काय फोटो होता का, पीठ आलं की थापायची.’

झोपतो जरा. दोनला मलाच पहाऱ्याला जायचंय, माळावरच्या.